दिलाशाची कार्डं काढताना आणि छापताना

कार्ड करायला घेतलं की मी आधी पाकीट बघते, चित्र नंतर. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात कागदाची आणि पाकिटांची दुकानं आहेत. तिथे जे माप बारा महिने तयार मिळतं, त्या मापाचं कार्ड करावं. ए६ कार्ड १०५ × १४८ मि.मी. असतं आणि त्याचं सी६ पाकीट ११४ × १६२ मि.मी. मनात आलं म्हणून चौकोनी कार्ड छापलं, तर पाकिटं मुद्दाम बनवून घ्यावी लागतात आणि थोड्या संख्येत ती कार्डाइतकीच महाग पडतात. कार्ड लहान आणि पाकीट मोठं असलं तर आत ते सरकत राहतं आणि टपालात कोपरे दुमडतात. सगळीकडून चार ते सात मि.मी. मोकळं असलेलं पाकीट बरं.

पाकिटानंतर शीट. डिजिटल छपाईचा दर शीटवर, म्हणजे मशीनच्या एका क्लिकवर असतो, त्यामुळे एका शीटमध्ये किती कार्डं बसतात यावरच सगळा हिशेब फिरतो. कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून चित्र चारही बाजूंनी ३ मि.मी. जास्त ठेवतात, त्याला ब्लीड म्हणतात. ब्लीडसकट ए६ होतं १११ × १५४. बऱ्याच ठिकाणी १२ × १८ इंची शीट चालते, म्हणजे ३०५ × ४५७ मि.मी. तिच्या रुंदीत दोन कार्डं आडवी ठेवायला ३०८ मि.मी. लागतात. तीन मि.मी. कमी पडले म्हणून सगळी एकाच दिशेने लावली तर आठऐवजी चारच कार्डं बसतात! तेच १३ × १९ ची शीट घेणारं मशीन असेल तर ३३० × ४८३ मध्ये आठ कार्डं बसतात, शिवाय मशीनला पकडायला कडाही उरते. म्हणून प्रेसमध्ये गेल्यावर दर विचारण्याआधी शीटचं माप विचारावं. दर थोडा जास्त असला तरी मोठी शीट स्वस्त पडते. मोठी शीट मिळतच नसेल तर कार्ड १०० × १४० करावं. ब्लीडसकट ते १०६ × १४६ होतं आणि १२ × १८ मध्ये आठ बसतं, पण सी६ पाकिटात ते सैल होतं, त्यामुळे पाकिटाचा शोध पुन्हा सुरू.

हे ठरल्यावर मजकूर. दिलाशाच्या कार्डावर जास्तीत जास्त वेळ इथे जायला हवा असं माझं ठाम मत आहे. चित्र छान म्हणून लोक कार्ड हातात घेतात, पण विकत घेतात ते ओळीमुळे, कारण ती ओळ त्यांना कुणाला तरी सांगायची असते.

मराठीत इथे एक अडचण हमखास येते. ‘थकलास ना? बस थोडा’ हे फक्त मित्राला देता येतं. मैत्रिणीला ‘थकलीस’, सरांना ‘थकलात’. म्हणजे एका चित्राच्या तीन आवृत्त्या, तीन साठे, आणि त्यातली एक नेहमी पडून राहणार. पाठवणाऱ्याचंही तेच. ‘चहा ठेवते’ लिहिलं की ते कार्ड दादा पाठवू शकत नाही. म्हणून घेणारा आणि देणारा दोघांचंही लिंग वाक्यात उमटणार नाही अशी रचना शोधायची. ‘चहा टाकलाय.’ क्रियापद चहाकडे गेलं, कोणीही कोणालाही देऊ शकतं. ‘आज एवढंच पुरे.’ ‘दमादमानं.’ ‘मी आहे.’ ही सगळी वाक्यं चालतात. ‘काळजी करू नकोस’मध्ये लिंग नाही, पण ‘नकोस’ आजोबांना चालत नाही, तेव्हा ते समवयस्कांसाठी. निकालाच्या दिवसांत ‘निकाल काहीही असो, जेवायला ये’ हे मुलामुलींना दोघांनाही देता येतं आणि त्यात उपदेश नाही.

उपदेश टाळायचाच. ‘हसत राहा’, ‘हार मानू नका’, ‘सकारात्मक विचार करा’ या ओळी ज्याचं सगळं बरं चाललंय त्याला आवडतात. जो खचलाय त्याला त्या आणखी एक काम लावतात. लांबलेल्या आजारपणात ‘लवकर बरे व्हा’सुद्धा टोचतं. तिथे ‘डबा पाठवू का? फक्त हो म्हण’ हे उपयोगी पडतं, कारण त्यात करायचं काम पाठवणाऱ्याकडे आहे. दुःखाच्या प्रसंगासाठी पुढच्या बाजूला शब्दच नकोत, नुसतं चित्र आणि आत कोरी जागा.

कवितेच्या ओळी घ्यायचा मोह होतो, तिथे कायदा पाहावा. भारतात साहित्याचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. तुकोबांचे अभंग किंवा १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या ओळी मोकळ्या आहेत. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांची वाक्यं २०६० च्या अखेरपर्यंत परवानगीशिवाय विक्रीच्या वस्तूवर छापता येत नाहीत. खाली नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

आता चित्र. मूळ चित्र कार्डाच्या दीडपट काढावं. ब्लीड धरून ते साधारण १६७ × २३१ मि.मी. होतं, ए४ स्कॅनरवर एका दमात मावतं आणि लहान होताना ब्रशचे बारीक दोष झाकले जातात. मात्र रेघाही लहान होतात. ०.३ च्या पेनची रेघ छापल्यावर ०.२ ची होते आणि चेहऱ्यावरचं हसू विरून जातं. दीडपट चित्राला ०.५ चं पेन घ्यावं. त्याहून मोठं चित्र काढू नये. फार लहान करायची वेळ आली की पानांची जाळी, साडीचे काठ, खिडक्यांचे गज यांचा चिखल होतो.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पण गुळगुळीत, हॉट प्रेस. खरखरीत कोल्ड प्रेसवर जलरंग डोळ्याला सुंदर दिसतो खरा, पण स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो आणि कागदाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. पांढरी जागा राखाडी, दाणेदार होते. कोल्ड प्रेसवरच काम करायचं असेल तर चित्र एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून असं दोनदा स्कॅन करावं आणि दोन्ही एकावर एक ठेवून सरासरी घ्यावी. सावल्या बऱ्याच विरतात.

रंग निवडताना चार शाई डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळा, काळा, एवढ्यांतूनच सगळं उभं राहणार. पुण्यातल्या झाडांनी हे मला नीट शिकवलं. एप्रिल-मेमधला बहावा छापायला सोपा: पिवळा १०० टक्के, मॅजेंटा १० ते १५ टक्के, आणि सायनचा थेंबही नको, नाहीतर फुलं हिरवट, शिळी दिसतात. गुलमोहरही सोपा: मॅजेंटा ९०, पिवळा १००. नीलमोहर मात्र हट्टी आहे. त्याचा चमकता जांभळा या शायांत मावत नाही, मळकट होतो. तो काढायचाच तर आजूबाजूला बराच कोरा कागद सोडावा आणि शेजारी फिका पिवळा ठेवावा, म्हणजे जांभळा उठून दिसतो. श्रावणातल्या वेताळ टेकडीचा कोवळा हिरवाही असाच. सायन ४० ते ४५ आणि पिवळा १०० याहून तेजस्वी हिरवा कागदावर येत नाही. स्क्रीनवर येतो, आणि तिथेच फसगत होते. निळं आकाश जांभळं छापून आलं तर मॅजेंटा जास्त झालाय. निळ्यात सायनपेक्षा मॅजेंटा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा. ऑपेरा पिंक तर टाळावाच. त्यातली फ्लुओरेसंट चमक छपाईत येत नाही, आणि मूळ चित्रही उजेडात ठेवलं तर फिकं पडतं.

स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. कार्डाला ३०० पुरतं, पण त्याच चित्राचं पुढे ए३ पोस्टर करायचं झालं तर ६०० चं स्कॅन मोठं होऊन ३३० च्या आसपास येतं आणि पुन्हा स्कॅन करावं लागत नाही. स्कॅनरमधलं आपोआप रंग सुधारणं, धार वाढवणं सगळं बंद करायचं. स्वस्त, पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. कागद काचेपासून जरासा उचलला गेला तरी तेवढा भाग धूसर येतो. पाण्याने फुगलेला कागद आधी सपाट करावा: मागून हलका ओलसर हात, दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर जाडजूड पुस्तकं, रात्रभर. सीसीडी या दुसऱ्या जातीचा स्कॅनर एवढा हट्ट करत नाही.

कागदाचा करडेपणा घालवायला सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स (फिकं-गडद ठरवणाऱ्या पट्ट्या) ओढल्या की सगळ्यात आधी फिका लिंबू रंग आणि गालांवरची लाली जाते. म्हणून पूर्ण चित्रावर एकच हात फिरवू नये. मोकळी जागा वेगळी निवडून तेवढीच पांढरी करावी. आणि तीन टक्क्यांपेक्षा फिका रंग छपाईत टिकेल ही आशा ठेवू नये.

अक्षरं चित्रावर कधीच लिहीत नाही. ती वेगळ्या कागदावर, काळ्या शाईत, मोठी काढायची, ग्रेस्केलमध्ये १२०० डीपीआयला स्कॅन करायची आणि चित्रावर फक्त काळ्या शाईत बसवायची. चित्रातच लिहिलेली काळी अक्षरं चार शायांनी छापली जातात, आणि कागद अर्धा मि.मी. सरकला तरी अक्षरांना लाल-निळी किनार दिसते. मात्रा, रफार, ऱ्हस्व वेलांटीची टोकं यांत सगळ्यात आधी बिघाड दिसतो. गडद रंगातून पांढरी अक्षरं सोडायची असतील तर ठसठशीतच हवीत. ९ पॉइंटच्या खाली क्ष, ज्ञ, श्र यांच्या पोटातली जागा शाईने भरून जाते.

मागच्या बाजूचा टाइप केलेला मजकूर हा वेगळाच प्रकार. मुक्त, बलू यांसारखे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट आहेत, ते विक्रीच्या वस्तूंवर निर्धास्त वापरता येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी. हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटत राहतं. ‘दुसऱ्या’, ‘तुझ्यासारखं’, ‘आठवणींत’ असे शब्द मोठे करून तपासावेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. प्रेसकडे फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदललेली पीडीएफच द्यावी. उघडी फाइल देणं म्हणजे आपलं शुद्धलेखन दुसऱ्याच्या संगणकावर सोडून येणं. महत्त्वाचं काहीही कापायच्या रेषेपासून ५ मि.मी. आत. आणि कार्डाभोवती बारीक समान पांढरी चौकट नकोच. कटिंग मशीनखाली गठ्ठा एखादा मि.मी. सरकतोच. पूर्ण रंगाच्या कार्डात ते कळत नाही, चौकट असली की प्रत्येक कार्ड वाकडं दिसतं.

पुण्यात रंगीत चित्रं छापून घरोघरी पोचवायचा उद्योग जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली चित्रशाळा काढली, तिथे शिळाछापावर देवादिकांची आणि ऐतिहासिक व्यक्तींची चित्रं छापली जात. शिळाछापात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. आज ऑफसेटला चार प्लेट लागतात, आणि त्या प्लेटचा व मशीन जुळवताना वाया जाणाऱ्या शीटांचा खर्च एक छापा की हजार छापा, सारखाच. त्यामुळे एका चित्राच्या शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल, हजाराच्या घरात गेलं की ऑफसेट. मधला मार्ग म्हणजे एकाच ऑफसेट शीटवर आठ वेगवेगळी चित्रं लावणं. इथे मांडणी काळजीपूर्वक करावी. ऑफसेटमध्ये शाई उभ्या पट्ट्यांत सोडली जाते. कागद ज्या दिशेने मशीनमधून जातो त्या ओळीत गुलमोहराच्या मागे फिक्या पहाटेचं चित्र असलं, तर गुलमोहराला लागणारा मॅजेंटा पहाटेवरही चढतो. सारख्या रंगांची चित्रं एका ओळीत लावावीत.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर घ्यावं, आणि ते दुकानातल्या ट्यूबखाली न पाहता बाहेर, सावलीत, दिवसाउजेडी पाहावं. ‘जरा ब्राइट करा’ या सूचनेचा प्रेसमध्ये काहीही अर्थ निघू शकतो. प्रूफवरच पेनने लिहावं: ‘आकाशात मॅजेंटा १० कमी’, ‘बहाव्यात सायन शून्य’. मशीनवर बसलेल्या माणसाला अशी सूचना आवडते आणि तो मग स्वतःहून चार गोष्टी सांगतो.

कार्डाला मी अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला, ३०० जीएसएम कागद वापरते. लेप दिलेल्या चकचकीत आर्ट कार्डावर रंग जास्त खुलतात हे खरं, पण कार्डावर कोणीतरी लिहिणार आहे. चकचकीत पृष्ठावर जेल पेन पसरतं, बॉलपेन घसरतं. मॅट लॅमिनेशनचीही तीच गत, शिवाय रंग थोडे गडद आणि मंद होतात. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर पावसाळ्यात दुसरी बाजू ओल शोषून पसरते आणि कार्ड लॅमिनेशनच्या बाजूला वळतं. अनकोटेडवर रंग दबतात, तेव्हा फाइलमध्येच चित्र थोडं उजळ ठेवावं आणि चारही शायांची बेरीज २६० टक्क्यांच्या आत आणावी. ऑफसेटवर छापलं असेल तर वाळायलाही वेळ द्यावा लागतो. घाईने गठ्ठा रचला की खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते.

घडीच्या कार्डाला क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करून घ्यावंच. ३०० जीएसएम नुसत्या हाताने दुमडला तर घडीवर कागद फुटतो आणि डिजिटल छपाईचा टोनर तडकून पांढरी रेघ दिसते. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने यावी. शीट दोन्ही बाजूंनी हलकी वाकवून पाहिली की ज्या बाजूने सहज वाकते ती दिशा कळते. शक्यतो गडद रंग घडीवरून नेऊ नये.

स्टिकरचं थोडक्यात. पाण्याच्या बाटलीवर, हेल्मेटवर, लॅपटॉपवर जायचं असेल तर विनाइल आणि वर लॅमिनेशन. कागदी स्टिकर वहीपुरते. चित्राभोवती २ मि.मी. पांढरी कड आणि गोलसर कोपरे. टोकदार कोपऱ्यापासूनच स्टिकर सुटायला लागतो. अक्षरांच्या आकारात कापायची हौस असेल तर उकार आणि मात्रा पांढऱ्या कडेच्या पोटात घ्याव्यात, नाहीतर सोलताना तेवढंच टोक फाटतं.

टेबल कॅलेंडर करण्याआधी दोनदा विचार करावा. बारा चित्रं, पुठ्ठ्याचा तंबू, वायरो बाइंडिंग, आणि जानेवारी उलटला की माल शिळा. तिथी, सणवार छापील कॅलेंडरातून उतरवू नयेत. पंचांग जाणणाऱ्या माणसाकडून घ्यावेत. चित्रांचं वेळापत्रकही पंचांग पाहूनच ठरवावं. २०२६ चंच उदाहरण: ज्येष्ठ अधिक असल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ऑगस्टच्या पानावर मखर आणि मोदक काढले तर ते पान चुकलंच. मराठी माणूस हे लगेच पकडतो.

छपाईची वेळ महत्त्वाची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेठांतल्या प्रेसमध्ये दिवाळी अंकांची गर्दी असते, त्यापाठोपाठ लग्नपत्रिका. मला जुलै-ऑगस्ट बरे वाटतात. प्रेसला सवड असते, माणसं थांबून बोलतात. फक्त दमट हवा सांभाळावी लागते: शीटा उघड्या ठेवायच्या नाहीत, कापून आल्या की करड्या पुठ्ठ्यांमध्ये सपाट, वर वजन, आणि पारदर्शक पिशव्यांत भरणं कोरड्या दिवशी. पिशव्या आणि पुठ्ठे रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक मिळतात. पिशवीही पाकीट आत घालून मोजून घ्यावी. कार्डाच्या मापाची घेतली तर पाकिटासकट कार्ड आत जात नाही.

किमतीचा हिशेब साधा आहे, पण तो चित्र काढण्याआधी करावा. समजा छपाई, कटिंग, पाकीट, पिशवी मिळून एका कार्डाला १५ रुपये पडतात. वाया जाणारी पाच टक्के धरली की पावणेसोळा. दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने ४० टक्के घेतले तर ६० रुपयांच्या कार्डामागे ३६ हातात येतात, म्हणजे चित्राचे, फाइलचे, हेलपाट्यांचे मिळून सव्वावीस. विक्रीची किंमत खर्चाच्या साधारण चौपट येत नसेल तर ते कार्ड दुकानात ठेवता येत नाही, फक्त स्वतः विकता येतं. कर्वे रस्त्यावरच्या हॉलमधली दिवाळीआधीची प्रदर्शनं, डिसेंबरातली भीमथडी जत्रा अशा ठिकाणी स्टॉलचं भाडं असतं. भाडं भागिले एका कार्डावर उरणारी रक्कम, एवढी कार्डं खपली की मग कमाई सुरू. नुसत्या कार्डांवर हे जमत नाही. शेजारी पोस्टर, वह्या, स्टिकरचे संच हवेत.

स्टॉलवर कार्डं प्रसंगाप्रमाणे लावावीत, चित्राप्रमाणे नाही. ‘आजारपण’, ‘निकाल’, ‘नवी नोकरी’, ‘खूप दिवसांत भेट नाही’ अशा चिठ्ठ्या लावल्या की माणूस बरोबर आपल्या खणापाशी थांबतो. कोणता खण रिकामा होतोय याची नोंद ठेवायची. दुसरी आवृत्ती काढताना त्याच नोंदीवरून ठरतं की आठ कार्डांच्या शीटमध्ये ‘चहा टाकलाय’ला दोन जागा द्यायच्या की तीन.